भिजकीचे कपडे

लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात एक हौद होता. चार फूट खोल, आतून सिमेंटचा, घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. धुतलेले कपडे शेवटच्या स्वच्छ पाण्यातून खळबळून काढायचे ते याच हौदात. लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एका बाईची पोर तीन वर्षांची असताना एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, या हौदात पडली. वसतिगृहाच्या चादरी आल्या होत्या. आई पाठमोरी उभी राहून दुसऱ्या एका बाईबरोबर चादर पिळत होती आणि पाणी वाजल्याचं कुणालाही ऐकू आलं नाही. बॉयलरवाले काका बादली भरायला आले म्हणून बरं. तरंगणाऱ्या चादरींच्या खाली त्यांना एक लहानसा बूट दिसला.

त्यांनी तिला बाहेर काढलं, पालथी धरली, पाठीत थापट्या मारल्या. आई शेजारी उभी राहून नुसती हाक मारत होती. पोरीला हात लावायचंही तिला सुचलं नाही. हाक मारायची, थांबायचं, कान द्यायचा आणि पुन्हा हाक मारायची. हे किती वेळ चाललं ते नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. इस्त्रीवाली मावशी म्हणे, दोन मिनिटं. काका म्हणत, एक शर्ट इस्त्री होईल इतका वेळ. आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. शेवटी पोर खोकली, पाणी ओकली आणि बारीक आवाजात "ओ" म्हणाली.

"एवढीशी चिमुरडी, पण हाताला काय जड लागली!" काका पुढे कित्येक वर्षं सांगत. "मला वाटलं, दोघी आहेत की काय आत!"

सगळे हसत. आई तेवढी हसत नसे.

त्या दिवसापासून तिला भिजकी हे नाव पडलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. आणि त्या दिवसापासूनच आईला एक सवय लागली. दिवसातून वीस-पंचवीस वेळा, हातातलं काम न सोडता, ती मोठ्यानं हाक मारी.

"भिजके!"

"ओ!"

"काही नाही."

एवढंच. मायलेकी लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. वडील पोर दोन वर्षांची असतानाच गेले होते. हाक कधी जिन्यावरून येई, कधी अंगणातून, कधी वाफेतून. पोर असेल तिथून ओ देई आणि आई पुन्हा कामात मान घाली.

आईचं काम खुणा घालण्याचं होतं. लॉन्ड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला लाल दोऱ्यानं एक खूण घालायची, म्हणजे धुऊन झाल्यावर कुणाचा कपडा कुणाकडे जाणार नाही. नावं लिहीत नसत. आई म्हणे, नावं दहाजणांची सारखी असतात, खूण एकाचीच असते. वसतिगृहाची खूण म्हणजे दोन फुल्या, शाळामास्तरांच्या घराची शिडी, डॉक्टरांची माशाचा काटा. भिजकीच्या स्वतःच्या कपड्यांनाही खूण होती: तीन तिरके टाके, कौलावरून ओघळणाऱ्या थेंबांसारखे.

खुणांचे नियम होते आणि आई ते डोळ्यांत तेल घालून पाळी. कपड्याचा मालक बदलला तर जुनी खूण आधी उसवायची. कात्रीनं कचकन कापायची नाही, सुईनं मागच्या बाजूनं एकेक टाका सोडवायचा, मग कापड ओलं करून नखानं घासायचं, म्हणजे भोकं बुजतात. खूण उसवायची ती ज्याची त्यानं. आणि एका कपड्यावर दोन खुणा कधी घालायच्या नाहीत. तसा कपडा आला तर तो कुणालाच देता येत नसे. तो जायचा बेवारशी फळीवर, म्हणजे जिन्याखालच्या लाकडी कपाटात. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असे.

भिजकी अकरा वर्षांची झाली आणि तिला आपल्या नावाची लाज वाटायला लागली. शाळेत मुली पिच्छा सोडत नसत.

"ए भिजके, पंख्याखाली बस गं, वाळशील!"

"तिला हात लावू नका, वही ओली होईल."

"अगं पण तिची आई तिला पिळते का रोज?"

त्या वर्षी वर्गाचा फोटो काढायला एक फोटोग्राफर आला. जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर काळं फडकं. त्यानं मुलींना उंचीप्रमाणे उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि दुसऱ्या रांगेतल्या भिजकीकडे बोट दाखवून बाईंना म्हणाला, "या मुलीची छबी फार सुरेख येते. मध्ये घ्या तिला."

तिच्याबद्दल सुरेख असं कुणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. दिवसभर तो शब्द तिनं तोंडात गोळीसारखा घोळवला. संध्याकाळी लॉन्ड्रीत आल्यावर तिनं जाहीर केलं, "आजपासून मला छबी म्हणायचं. भिजकी म्हटलं तर मी बोलणार नाही."

"आँ?" काका बॉयलरचं दार लावता लावता म्हणाले. "म्हणजे आता वाळलीस म्हणायची! मग कोरडी का नाही म्हणत? सुटसुटीत आहे."

"चेष्टा नका करू, काका."

"छबीबाई," इस्त्रीवाल्या मावशीनं नाक मुरडलं, "तुमचे मोजे तेवढे उचला वाटेतून. छबी बघा केवढी नि मोजे बघा केवढे!"

आई दोरा दातानं तोडून म्हणाली, "तुझी मर्जी." आणि पाच मिनिटांनी सवयीनं हाक मारली, "भिजके!" पोरीनं ओठ घट्ट मिटून घेतले. आई सुई थांबवून तिच्याकडे बघत राहिली. पोर समोर दिसत होती, तरी बघत राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. शेवटी पोरीलाच राहवलं नाही आणि ती "ओ" म्हणाली, पण रागानं.

रविवारी तिनं आपल्या हातानं सगळ्या कपड्यांवर नवी खूण घातली. फोटोसारखा एक चौकोन आणि चौकोनाच्या मध्यात एक टाका. बारा कपडे होते. उसवत बसायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिनं नवी खूण सरळ जुन्यावरच घातली.

सोमवारी कपडे वेगळे करताना आईच्या ते ध्यानात आलं. तिनं निळा फ्रॉक उजेडासमोर धरला. पांढऱ्या कॉलरचा होता, शाळेच्या फोटोत घातलेला तोच.

"एका कपड्यावर दोन खुणा? मग हा द्यायचा कुणाला?"

"मलाच. अजून कुणाला?"

"म्हणजे दोघींत मिळून एक फ्रॉक?" आई शांतपणे म्हणाली. "बस इथं. आधी जुनं उसव. नीट. मागून."

पोर बसली. अकरा कपडे उसवले, बोटं लाल झाली, शाळेला उशीर झाला. बाराव्याला, त्या निळ्या फ्रॉकला, ती इतकी वैतागली की तिनं नवीन चौकोनच ओरबाडून काढला, तीन तिरके टाके तसेच ठेवले आणि फ्रॉक उघड्या कपाटातल्या बेवारशी फळीवर भिरकावला.

"हा भिजकीचा. तिला हवा तर येऊन नेऊ दे!"

आईचा हात तिच्या तोंडाकडे गेला, जणू ते शब्द परत आत ढकलायचे होते. पण पोर दप्तर घेऊन बाहेर पडलीसुद्धा.

त्याच दिवशी दुपारी साडेतीनला ती शाळेतून आली. अंगणात चादरी वाळत होत्या, सात दोऱ्या, प्रत्येक दोरीवर नऊ. वारा नव्हता. ती चौथ्या आणि पाचव्या दोरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं मनाशी पक्कं केलं होतं: आज काही झालं तरी ओ द्यायची नाही. आईला कळू दे.

"भिजके!" आईनं मागच्या दारातून हाक मारली.

पोर गप्प राहिली.

"भिजके!" दुसरी हाक जरा वर चढली. पोरीनं मुठी आवळल्या. तिला चादरीच्या फटीतून आईचे पाय दिसत होते. ते पुढे आले आणि हौदाच्या काठाशी थांबले.

"भिजके!" आईच्या आवाजात असं काही होतं की पोरीच्या तोंडात ओ आपोआप येऊ लागली. तिनं ती गिळली.

आणि पलीकडून, सहाव्या दोरीच्या मागून कुणी तरी म्हणालं, "ओ!"

आवाज तिचाच होता. ओ द्यायला जरा धाप लागली असावी तसा.

"काही नाही," आई म्हणाली. तिनं मोठा सुस्कारा टाकला आणि आत गेली.

बऱ्याच वेळानं पोरीनं सहाव्या दोरीवरची चादर बाजूला सारली. मागे कुणी नव्हतं. फरशीवर पाणी सांडलेलं होतं, पण अंगणात पाणी कुठं सांडलेलं नसतं? चादरी मात्र सकाळच्या होत्या. एव्हाना त्या कडकडीत वाळल्या होत्या.

त्या दिवसानंतर आईनं तिला एकदाही भिजकी म्हटलं नाही. छबी, चल. छबी, जेवायला ये. तोंडभरून, गोड आवाजात, शाळामास्तरांच्या बायकोशी बोलावं तसं. मुलीला हवं होतं ते मिळालं. फक्त ती हाक बंद झाली. म्हणजे तिच्यासाठी बंद झाली. आई रोज मागच्या दारात उभी राहून कुजबुजल्यासारखं काही तरी म्हणे, कान देई आणि समाधानानं मान हलवून कामाला लागे.

बेवारशी फळीवरचा निळा फ्रॉक आठवड्यानं नाहीसा झाला. छबीला वाटलं, आईनं कुणाला तरी दिला असेल. पुढच्या वर्षी, बारावं सरताना, वसतिगृहाच्या गाठोड्यातून तोच फ्रॉक धुवायला आला. तीन तिरके टाके शिवणीत शाबूत होते. खालची दुमड दोन बोटं उसवून लांबी वाढवलेली होती. छबीनं स्वतःला लावून पाहिला. तिला तो बरोबर गुडघ्याला आला.

"कुणाचा गं हा, आई?"

"जिचा तिचा," आई म्हणाली आणि कपाटाची किल्ली फिरवली.

मग हे चालूच राहिलं. दरवर्षी नाही, पण दोन-तीन वर्षांनी एकदा, भलत्याच कुणाच्या तरी गाठोड्यात भिजकीचा कपडा येई. सतरा-अठराव्या वर्षी एक करडा स्कर्ट आला. बाविसाव्या वर्षी बाह्यांना शाई लागलेला ब्लाउज, म्हणजे ती कुठे तरी लिहिण्याच्या नोकरीला असावी. सगळे छबीच्या मापाचे. सगळे वापरलेले, काखेत विरलेले, खिशात कधी एखादं बटण, कधी पेन्सिलीचा तुकडा. कोणत्याही गाठोड्यात आले तरी ओलेच येत. काका म्हणत, "लॉन्ड्रीत ओला कपडा आला तर त्यात नवल काय? कोरडा आला तर सांग."

सव्विसाव्या वर्षी छबीनं लॉन्ड्रीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरशी लग्न केलं. माणूस सरळ होता, भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो जोरात हसला.

"अगं, तुझ्या आईचाच हात आहे हा. खुणा कोण घालतं या घरात? तुला लहानपणी चिडवलं नाही म्हणून आता चिडवते आहे."

"बाविसाव्या वर्षीचा ब्लाउज शिवून, वापरून, विरवून चिडवते?"

"बायकांचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वयंपाकघरातून एक चमचा फेकून मिळाला.

त्यांना मूल झालं नाही. छबी पस्तिसाची असताना, एका गुरुवारी, डॉक्टरांच्या गाठोड्यातून तळहाताएवढं एक झबलं आलं. शिवणीत तीन तिरके टाके होते, अगदी बारीक, लहान बाळाला टोचू नयेत म्हणून सैल ओढलेले. छबीनं ते टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा झबलं नव्हतं. आई नेहमीसारखी सुई ओवत होती.

"आई, ते कपडे कोण नेतं? खरं सांग."

"मी काय कपाटाशी पहारा देते? सकाळी बघते तर नेलेले असतात."

"किल्ली तुझ्या कमरेला असते."

"हो ना," आई म्हणाली. "मलाही त्याचंच नवल वाटतं."

नवऱ्याचं म्हणणं आणखी पंधरा-वीस वर्षं टिकलं असतं. पण आई सत्तर पार झाली आणि तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली. तिला पेलासुद्धा दोन हातांनी धरावा लागे. सुई तर केव्हाच सुटली होती. आता खुणा छबीच घाली. आणि तरीही त्यानंतर दोनदा भिजकीचे कपडे आले, एकदा स्वेटर आणि एकदा उन्हाळी झगा. टाके तेच, आईच्या ऐन उमेदीतल्या हाताचे. नवऱ्यानं स्वेटर उलटा करून पाहिला, घडी केली आणि त्यानंतर त्या विषयावर तो कधी हसला नाही.

आई एक्याऐंशीची झाली तेव्हा ती एकेक विसरायला लागली. आधी भांडी, मग वार, मग माणसं. लॉन्ड्रीत तोवर यंत्रं आली होती. हौदावर लोखंडी पत्रा टाकला होता. वसतिगृहाला मात्र अजून उन्हात वाळलेल्या चादरी लागत, म्हणून अंगणातल्या सात दोऱ्या कायम होत्या. छबी आईला दुपारी तिथं खुर्चीत बसवी.

एके दिवशी ती दूध घेऊन आली तर आई अदबीनं सरकून बसली.

"तुम्ही बसा ना बाई. उभ्या का?"

"आई, मी आहे."

"हो, हो. फार करता तुम्ही माझं." आईनं तिचा हात थोपटला, परक्या माणसाचा थोपटावा तसा. "माझी मुलगी येईपर्यंतच हं. मग तुम्हाला त्रास नाही."

छबीनं पेला खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा आईनं तिला तुम्ही म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. नवरा म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. तिनं घेतलं नसतंही. पण दुसऱ्या दिवशी ती वरून खाली आली तेव्हा आईचे केस विंचरलेले होते. सकाळी ते विस्कटलेलेच होते, छबीला वेळ झाला नव्हता. आता मधोमध सरळ भांग होता, छबी लहान असताना आई तिचा पाडी तसा, आणि केसांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

"ती येऊन गेली," आई खुशीत म्हणाली. "हात गार असतात तिचे. पण विंचरते छान."

"कोण, आई?"

"माझी भिजकी."

"आणि छबी? छबी आठवते तुला?"

आईनं डोळे बारीक करून आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "होती एक. हुशार होती. पण हाक मारली की ओ द्यायची नाही."

त्या संध्याकाळी छबी बॉयलरवाल्या काकांकडे गेली. काका अठ्ठ्याऐंशीचे, दोन गल्ल्या सोडून पुतण्याकडे राहत. कान गेले होते, बाकी शाबूत होते. तिनं कानाशी मोठ्यानं आईचं सांगितलं, कपड्यांचंही सांगितलं.

"तुला एक विचारू?" काका म्हणाले. "आई तुला दिवसभर हाका का मारायची, कधी विचारलंस तिला?"

"सवय होती तिची."

"सवय कसली! त्या दिवशी मी तुला बाहेर काढलं तेव्हा तू मेलेली होतीस, पोरी. मी एका शर्टाच्या इस्त्रीचा वेळ म्हणतो, कुणी काय म्हणतं, जाऊ दे. निळी पडली होतीस. ती हाका मारत राहिली आणि तू ओ दिलीस. ओ दिलीस म्हणून तू आहेस, एवढं तिच्या डोक्यात बसलं. मग रोज विचारून घ्यायची, आहेस ना, आहेस ना. तू ओ देणं बंद केलंस. अगं, तिला कुणाची तरी ओ हवीच होती की नाही?"

"म्हणजे कुणाची?"

"जड लागली होतीस गं फार," काका म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. छबीनं आईला अंगणात बसवलं, पायांवर शाल घातली आणि पावणेतीनला चौथ्या आणि पाचव्या दोरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण अकरा वर्षांच्या पोरीसारखी चादरींआड लपली होती. अंगात करड्या रंगाचा लोकरीचा कोट होता. तिनं तो काढला, उलटा केला आणि सुईनं शिवणीतला चौकोन मागच्या बाजूनं उसवायला घेतला. चार बाजू आणि मधला टाका. पाच टाके काढायला किती वेळ लागतो?

"भिजके!" आईनं हाक मारली. आवाज म्हातारा झाला होता, सूर तोच होता.

दोन टाके निघाले होते. छबीनं तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा बाहेर येईना. सहाव्या दोरीच्या मागे पाणी ठिबकू लागलं. सावकाश, फरशीवर, एकेक थेंब.

"भिजके!"

चौथा टाका निघाला. समोरची चादर हलकेच पुढे सरकली आणि कशाला तरी चिकटली. कपाळ, नाक, हनुवटी. ओल्या कापडातून छबीला आपलाच चेहरा ओळखू आला, तिच्याहून जरा तरुण, जरा शांत. त्या चेहऱ्याला घाई नव्हती. सत्तेचाळीस वर्षं ओ देण्याचं काम त्यानं न चुकता केलं होतं. त्या चेहऱ्यानंच आईला सांभाळलं होतं. छबीला त्याचा राग येईना, हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

"मला देऊन टाक," ती पुटपुटली. "माझी आई आहे ती."

मधला टाका सुटला. तिनं तो भाग थुंकीनं ओला केला आणि नखानं घासला, अगदी नियमाप्रमाणे. कोट हातातून खाली पडला.

"भिजके!" तिसरी हाक आली. तिच्यात तीच भीती होती, हौदाच्या काठावरची.

चादरीपलीकडे श्वास आत ओढला गेला. छबीनं डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "ओ!"

पलीकडचा श्वास बाहेर पडलाच नाही. चादर सैल झाली, दोरीवर सरळ लोंबू लागली. ठिबकणं थांबलं.

छबी चादरी बाजूला सारत आईसमोर आली. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता तिचा सगळा चेहरा उजळला.

"अगं, किती ही भिजलीस! ये इकडे. केस पुसू दे."

छबीनं डोक्याला हात लावला. केसांतून पाणी निथळत होतं, झग्याची किनार पायांना चिकटली होती आणि तिला थंडी वाजत होती. हौदावरचा पत्रा जागच्या जागी होता. ती आईच्या पायांशी फरशीवर बसली. आईनं वाकड्या बोटांनी शालीचं टोक धरलं आणि तिचं डोकं पुसत राहिली, खसाखसा, लहान पोराचं पुसतात तसं.

"काही काम होतं का गं, आई?"

"काही नाही," आई म्हणाली.

आई त्यानंतर सात महिने जगली. बाकी सगळं विसरली, पण लेकीला शेवटच्या दिवसापर्यंत ओळखत होती. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हाक येई आणि लेक असेल तिथून, जिन्यावरून, यंत्रांच्या आवाजातून, ओ देई. तिचे केस त्या सात महिन्यांत कधी पुरते वाळले नाहीत. नवरा म्हणे, डॉक्टरला दाखव. तिनं दाखवले नाहीत.

भिजकीचे कपडे पुन्हा आले नाहीत. अंगणात पडलेला करडा कोट मात्र त्या दिवशी शोधूनही सापडला नव्हता.

आई गेल्यावर पाचव्या आठवड्यात, बुधवारी, वसतिगृहाच्या गाठोड्यात तो आला. कोपरावर नीट रफू केलेलं होतं. वाळलेला, ऊबदार, नुकताच इस्त्रीखालून काढल्यासारखा. तिनं शिवण उलटून पाहिली. एक चौकोन आणि मध्यात एक टाका, लाल दोऱ्यात, तिच्या स्वतःच्या हाताचा. ती खूण तिनं आपल्या हातानं उसवली होती.

तिनं कोटाची घडी केली, जिन्याखालचं कपाट उघडलं आणि कोट फळीवर ठेवला. किल्ली कमरेला लावली नाही, कुलुपातच राहू दिली.

"छबी!" पुढच्या खोलीतून नवऱ्यानं हाक मारली. "माझा चष्मा बघितलास का?"

ती ओ द्यायला वळली. त्याआधीच इस्त्रीच्या खोलीतून कुणी तरी, कोरड्या, स्वच्छ आवाजात म्हणालं, "ओ! टेबलावर आहे."

"हां, सापडला," नवरा म्हणाला.

ती जिन्याखाली तशीच उभी राहिली, केसांतलं पाणी पिळत.